बोट, बूट आणि सॅम्युएल प्लिमसॉल

सुरुवात पराभवापासून करते. मागच्या वर्षीच्या इंटर-डिपार्टमेंट क्विझच्या फायनलमध्ये आमची टीम पाच मार्कांनी हरली आणि ते पाच मार्क माझ्यामुळे गेले. प्रश्न असा होता की इंग्लंडच्या पार्लमेंटचा असा कोणता मेंबर, ज्याचं नाव मालवाहू जहाजांवरच्या एका खुणेलाही आहे आणि खेळाच्या बुटालाही? बूट हा शब्द ऐकला आणि मी बझर दाबून वेलिंग्टन सांगून मोकळी झाले. पावसाळी गमबुटांना इंग्रज लोक वेलिंग्टन म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. गमबूट घालून कोणी खेळत नाही, हे मात्र त्या क्षणी सुचलं नाही. प्रश्न पास झाला, शेजारच्या सिव्हिलवाल्यांनी प्लिमसॉल असं उत्तर दिलं आणि ट्रॉफी त्यांच्या एचओडींच्या कपाटात गेली.

त्या रात्री मेसचं जेवणही गोड लागलं नाही (तसं ते एरवीही लागत नाही). रूमवर येऊन हा प्लिमसॉल कोण ते वाचत बसले. एका ओळीचं उत्तर पाठ करून झोपायचं असं ठरवलं होतं, पण पहाटेचे तीन वाजले. सबमिशन दोन दिवसांवर आलेलं असताना मी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका दिवाळखोर कोळसा व्यापाऱ्याची गोष्ट वाचत होते. ती तुम्हाला सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे व्याकरणाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात.

सॅम्युएल प्लिमसॉलचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी ब्रिस्टलमध्ये झाला. ब्रिस्टल म्हणजे बंदराचं गाव, पण या घराचा समुद्राशी तसा काही संबंध नव्हता. वडील अबकारी खात्यात होते. बदल्यांमुळे कुटुंब आधी उत्तरेत पेनरिथला आणि मग शेफिल्डला आलं. तिथे वडील वारले आणि घराची जबाबदारी सॅम्युएलवर येऊन पडली. आधी एका वकिलाकडे कारकून, नंतर एका दारूच्या कारखान्यात कारकून आणि पुढे तिथलाच मॅनेजर, असं त्याचं चाललं होतं. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा शेफिल्डच्या बाजूचं मानद सचिवपद त्याने सांभाळलं. थोडक्यात, हुशार, धडपड्या, पण बिनापैशाचा माणूस.

१८५३ साली त्याने लंडनला जाऊन कोळशाचा धंदा सुरू केला. यॉर्कशायरचा कोळसा रेल्वेने लंडनला आणायचा, अशी त्याची योजना होती. योजना काही वाईट नव्हती, पण भांडवल तोकडं होतं आणि या धंद्यात आधीपासून बसलेले लोक जबरदस्त होते. दोन-तीन वर्षांत तो पार बुडाला. मग लंडनमधल्या गरिबांच्या स्वस्त लॉजिंगमध्ये आठवड्याला आठ शिलिंगांच्या आत भागवून राहिला. आजूबाजूला हमाल, बेकार मजूर, सुटीवर आलेले खलाशी. हे लोक एकमेकांसाठी काय काय करतात ते त्याने तिथे पाहिलं. पुढे श्रीमंत झाल्यावरही ते दिवस तो विसरला नाही आणि आपल्या पुस्तकात त्याने ते लिहूनही ठेवले. मला वाटतं, त्याच्या पुढच्या आयुष्याचा पाया इथे घातला गेला. धंदा चालला असता तर तो एक सुखी कोळसेवाला झाला असता आणि माझे पाच मार्क वाचले असते.

धंदा पुढे सावरला. कोळसा उतरवताना त्याचा चुरा कमी व्हावा म्हणून त्याने एक युक्ती काढून पेटंट घेतलं. १८५८ साली एलायझा रेल्टन हिच्याशी लग्न झालं. १८६५ मध्ये डर्बीहून तो पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहून पडला, १८६८ मध्ये निवडून आला.

आता जरा समुद्राकडे. त्या काळात मालवाहू जहाजात किती माल भरायचा यावर सरकारचा काही धरबंध नव्हता. लॉइड्सचा १८३५ पासूनचा एक ठोकताळा होता की मालाच्या कोठाराच्या दर एक फूट खोलीमागे तीन इंच जहाज पाण्याच्या वर ठेवावं, पण तो पाळायची सक्ती नव्हती. आमच्याकडच्या वडापच्या जीपचा ड्रायव्हर जसा मागच्या दांडीला लोंबकळणाऱ्यांनाही या बसा म्हणतो, तसा प्रकार. फरक एवढाच की जीपमालक स्वतः स्टिअरिंगवर असतो आणि जहाजमालक लिव्हरपूलच्या नाहीतर लंडनच्या घरात शेकोटीपाशी बसलेला असायचा. शिवाय विमा होता. जुनं, किडकं जहाज किमतीपेक्षा जास्त रकमेला उतरवता यायचं. पोचलं तर भाडं मिळणार, बुडालं तर विमा मिळणार. सगळे मालक असं करत होते असं मुळीच नाही, बरेचसे सरळ होते. पण जो सरळ वागेल त्याचा दर महाग पडायचा आणि जो जास्त भरेल त्याला गिऱ्हाईक मिळायचं.

या जहाजांना लोक शवपेट्या म्हणत. खलाशाची अवस्था तर विचारूच नका. एकदा करारावर सही केली की जहाज बघून परत फिरायची सोय नव्हती. हे जहाज बुडणार, मी चढणार नाही, असं म्हणणाऱ्याला कोर्ट तुरुंगात पाठवत असे आणि असे शेकडो खलाशी खरोखर तुरुंगात गेले. जहाज बुडालं तर त्या दिवसापासून पगार बंद. म्हणजे बायकोच्या हाती काय आलं, ते तुम्हीच बघा. १८६६ साली लंडन नावाची आगबोट ऑस्ट्रेलियाला निघाली आणि बिस्केच्या उपसागरात बुडाली. दोनशेहून अधिक माणसं गेली, एकोणीस वाचली. पोटात लोखंड आणि कोळसा ठासून भरलेला होता. तेव्हा पेपरांत खूप गाजलं आणि नेहमीप्रमाणे विसरलं गेलं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण क्विझमध्ये ती येत नाही. जहाजावर रेघ मारायची ही कल्पना प्लिमसॉलची नाही. न्यूकॅसलच्या बाजूचा जेम्स हॉल नावाचा एक जहाजमालकच आधीपासून त्यासाठी झगडत होता. मालक असून मालकांच्या विरोधात! प्लिमसॉलने त्याचं काम वाचलं आणि उचललं. आपल्याकडे प्रोजेक्ट एकाने करायचं आणि प्रेझेंटेशन दुसऱ्याने द्यायचं असं होतं, तसं काहीसं. पण न्याय करायचा तर हेही म्हटलं पाहिजे की हॉलला जमलं नाही ते याला जमलं. त्याच्याकडे पार्लमेंटची जागा होती, पैसा होता आणि भयंकर तापट डोकं होतं.

१८७० पासून त्याने बिलं आणायला सुरुवात केली. एकही पुढे सरकेना, कारण सभागृहात स्वतः जहाजमालक बसलेले. तेव्हा १८७३ साली त्याने एक पुस्तक छापलं. खलाशांसाठी केलेलं आवाहन असं त्याचं स्वरूप होतं. त्यात तक्ते होते, कागदपत्रांच्या नकला होत्या, बुडालेल्यांच्या बायकांच्या घरी जाऊन पाहिलेली हकिगत होती. काही ठिकाणी त्याने पुराव्याशिवाय बोटही दाखवलं. त्यावरून अब्रुनुकसानीचे खटले झाले, माफी मागावी लागली, पैसा गेला. इंजिनिअरिंगच्या नजरेने पाहिलं तर त्याचा डेटा कच्चा होता, व्हायवाला टिकला नसता. पण पुस्तकाने देश हलला. गावोगाव सभा झाल्या. त्याच वर्षी सरकारला रॉयल कमिशन नेमावं लागलं.

१८७४ मध्ये कमिशनचा रिपोर्ट आला तो रेघेच्या विरोधात. त्यांचं म्हणणं आजही ऐकण्यासारखं आहे. सरकारने रेघ आखून दिली की जबाबदारी मालकाची राहत नाही, सरकारची होते, आणि मालक म्हणणार की मी रेघ पाळली, पुढचं मला माहीत नाही. मुद्दा अगदी टाकाऊ नव्हता. कोडमध्ये बसतंय ना, मग झालं, असं म्हणणारे आपणही असतोच. पण तोवर माणसं बुडतच होती.

आणि मग २२ जुलै १८७५. सरकारने आणलेलं जहाजांविषयीचं बिल त्या दिवशी पंतप्रधान डिझरायली यांनी मागे घेतलं. कारण काय, तर अधिवेशन संपत आलंय आणि शेतजमिनीचं बिल आधी घ्यायचंय. प्लिमसॉलचा ताबा सुटला. तो सभागृहाच्या मध्ये उभा राहून ओरडायला लागला, पंतप्रधानांच्या दिशेने मुठी हलवल्या, जहाजमालक मेंबरांना खलनायक म्हणाला आणि त्यांची नावं घेण्याची धमकी दिली. प्लिमथचे मेंबर एडवर्ड बेट्स यांचं नाव तर त्याने घेतलंच. स्पीकरने शब्द मागे घ्यायला सांगितलं, त्याने नकार दिला. शेवटी त्याला बाहेर जावं लागलं. सगळ्यांना वाटलं की माणूस संपला.

झालं उलटंच. बाहेर लोक त्याच्या बाजूने पेटले. आठवड्याने त्याने सभागृहात येऊन भाषेबद्दल माफी मागितली, मुद्दा मात्र सोडला नाही. सरकारने घाईघाईने एका वर्षापुरता तात्पुरता कायदा केला आणि १८७६ मध्ये पक्का कायदा झाला. प्रत्येक ब्रिटिश जहाजाच्या कुशीवर बारा इंच व्यासाचं वर्तुळ आणि त्याच्या मधून अठरा इंच लांबीची आडवी रेघ. ही रेघ पाण्याखाली गेली की माल जास्त झाला, असा हिशोब.

गोष्ट इथे संपली असती तर छान होतं. पण कायद्यात एक भोक राहिलं होतं, आणि मी पहाटे तीनपर्यंत जागी राहिले ती या भोकापायी. रेघ मारणं सक्तीचं होतं, पण ती कुठे मारायची ते ठरवायचं मालकाने! म्हणजे प्रेशर कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह लावायचा, पण किती प्रेशरला उडवायचा ते ज्याला डाळ लवकर शिजवायची घाई आहे त्याने ठरवायचं. कार्डिफच्या एका कप्तानाने ती रेघ चक्क धुराड्यावर रंगवली अशी गोष्ट सांगतात. असं चौदा वर्षं चाललं. वर्तुळ होतं, रेघ होती, प्लिमसॉलचं नाव होतं आणि तरी जहाज हवं तेवढं भरता येत होतं.

हे भोक बुजवलं ते भाषणांनी नाही, आकडेमोडीने. लॉइड्स रजिस्टरचे चीफ सर्व्हेअर बेंजामिन मार्टेल आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी कोणत्या आकाराच्या जहाजाला किती फ्रीबोर्ड हवा, म्हणजे पाण्यापासून डेकपर्यंत किती उंची मोकळी हवी, याची कोष्टकं तयार केली. सरकारी कमिटीने ती तपासली. १८९० च्या कायद्याने रेघेची जागा या कोष्टकांवरून ठरू लागली आणि मालकाच्या हातातून ती गेली. १९०६ मध्ये ब्रिटिश बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांनाही नियम लागू झाला. १९३० साली पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, नंतर १९६६ चा. आजची रेघ त्या १९६६ च्या कराराप्रमाणे असते. वर्तुळ ३०० मिलिमीटरचं, रेघ ४५० ची. बारा इंच आणि अठरा इंचच, फक्त मेट्रिक झाले.

माझा मामा मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे. त्याला फोन करून विचारलं तर त्याने रेघेशेजारच्या शिडीसारख्या खुणा समजावून सांगितल्या. एस म्हणजे समर, डब्ल्यू विंटर, टी ट्रॉपिकल, एफ फ्रेश वॉटर, टीएफ म्हणजे उष्ण कटिबंधातलं गोडं पाणी. छोट्या जहाजांना उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठी डब्ल्यूएनए अशी आणखी एक खूण, सगळ्यात खाली. हिवाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणून माल कमी. समर रेघेपासून विंटरची रेघ समर ड्राफ्टच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकी खाली असते आणि ट्रॉपिकलची तेवढीच वर. जहाज ९.६ मीटर बुडत असेल तर बरोबर २० सेंटिमीटर. गोड्या पाण्याचं गणित तर आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या चॅप्टरमधलं आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५, गोड्याची १०००, म्हणून नदीतल्या बंदरात जहाज जास्त बुडतं आणि समुद्रात आलं की आपोआप वर उचललं जातं. आर्किमिडीजला सलाम. वर्तुळाच्या दोन बाजूंना दोन अक्षरं असतात, ती रेघ आखून देणाऱ्या संस्थेची. एल आणि आर असेल तर लॉइड्स रजिस्टर, आय आणि आर असेल तर मुंबईचं आपलं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग.

मामाने आणखी एक सांगितलं, ते मला क्विझसाठी लिहून ठेवण्यासारखं वाटलं. ब्रिटिश बोटींवरच्या हिंदुस्थानी खलाशांना इंग्रज लॅस्कर म्हणत. हा शब्द आपल्या लष्करचाच भाऊ, फारसीतून आलेला. आपल्याकडे त्याचे सैनिक झाले, समुद्रावर त्याचे खलाशी झाले. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडची कितीतरी माणसं अशी गेली. त्यांना गोऱ्या खलाशांपेक्षा पगार कमी, झोपायला जागाही कमी. पण जहाजाच्या बाहेरची रेघ सगळ्यांना सारखीच लागू होती. पगारात भेद करता येतो, बुडण्यात करता येत नाही.

आता बूट. कॅनव्हासचा वरचा भाग आणि रबराचा तळवा असलेले हलके बूट इंग्लंडमध्ये आधीपासून होते. समुद्रकिनाऱ्यावर फिरायला वापरत म्हणून त्यांना सँड शूज म्हणायचे. तळवा आणि कापड जिथे जोडलेलं असतं तिथे रबराची एक पट्टी सगळीकडून फिरते. १८७० च्या दशकात प्लिमसॉलचं नाव घराघरात झालं होतं. कोणा विक्रेत्याच्या डोक्यात आलं म्हणे, की ही पट्टी जहाजावरच्या रेघेसारखी दिसते, आणि पाणी तिच्या वर गेलं तर इथेही पाय ओले! झालं, बुटाचं नाव प्लिमसॉल पडलं. त्याच सुमाराला लॉन टेनिसचं वेड आलं, विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. हिरवळ खराब न करणारे, न घसरणारे बूट लागत होते. पुढे शाळांनी पीटीसाठी तेच उचलले, आणि आजचे स्नीकर्स त्याच खानदानातले.

भाषेची गंमत अशी की बुटाच्या तळव्याला इंग्रजीत सोल म्हणतात, त्यामुळे खूप लोक या शब्दाचं स्पेलिंगही सोल असं करायला लागले आणि त्यात एक माणूस आहे हेच विसरले. त्याहून गंमत म्हणजे ब्रिस्टलमध्ये, म्हणजे त्याच्या जन्मगावात, या बुटांना प्लिमसॉल म्हणतच नाहीत, डॅप्स म्हणतात. आमच्या शाळेत आम्ही त्यांना नुसतं कॅनव्हास म्हणायचो. दर शनिवारी ते पांढरेशुभ्र लागायचे आणि पॉलिश संपलं असलं की फळ्याचा खडू घासून सिस्टरांसमोर उभं राहायचं. आठ वर्षं त्या माणसाची रेघ पायात घालून फिरले आणि बझरवर वेलिंग्टन म्हणाले.

प्लिमसॉल स्वतः पुढे फार चमकला नाही. १८८० मध्ये मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आला आणि लगेच सर विल्यम हारकोर्ट यांच्यासाठी त्याने जागा सोडली. हारकोर्ट मंत्री होते, ते खलाशांसाठी जास्त करू शकतील असा त्याचा हिशोब होता. तो चुकला. पार्लमेंटमध्ये तो परत कधी गेला नाही. १८८२ मध्ये एलायझा गेली. सगळ्या धामधुमीत ती त्याच्या बरोबरीने काम करत होती, पण क्विझमध्ये तिच्यावर प्रश्न येत नाही. १८८५ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. नंतर खलाशांच्या युनियनचा अध्यक्ष झाला. १८९० मध्ये जहाजातून नेल्या जाणाऱ्या गुरांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. आणि म्हातारपणी अमेरिकेत जाऊन तिथल्या शाळांची इतिहासाची पुस्तकं तपासू लागला, कारण त्यातून मुलांना ब्रिटनचा द्वेष शिकवला जातो असं त्याला वाटत होतं. स्वस्थ बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. ३ जून १८९८ रोजी फोकस्टन इथे तो वारला. १९२९ मध्ये खलाशांच्या युनियनने लंडनला थेम्सच्या काठी त्याचं स्मारक उभारलं.

त्याच्या हयातीतच, १८७३ साली, अबर्डीनला एक सुंदर शिडाचं जहाज बांधून त्याला सॅम्युएल प्लिमसॉल नाव दिलं होतं. एका जहाजमालकानेच दिलं होतं बरं का. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या लोकांना घेऊन त्याने कित्येक फेऱ्या मारल्या. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बंदरात त्याला कायमचं उभं केलं. तिथे येणाऱ्या आगबोटींसाठी त्याच्यात कोळसा भरून ठेवत.